एरेबोस : आदिम काळोख आणि त्याच्या नावाचे जहाज, पर्वत व पतंग

क्षितिजरेषा (धागालेखिका)

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथालयाच्या वाचकगटात ध्रुवीय मोहिमांवर चर्चा चालू होती. तेव्हा एका सभासदांनी असे मत मांडले की, ज्या जहाजाला काळोखाच्या देवाचे नाव दिले ते बर्फात गडप झाले आणि ज्या पर्वताला तेच नाव मिळाले त्याच्यावर प्रवासी विमान आदळले, त्यामुळे हे नावच अपशकुनी म्हटले पाहिजे. उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही, पण त्या क्षणी नीट उत्तरही देता आले नाही. घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढले आणि आता ते आपल्यापुढे मांडत आहे.

मूळ ग्रीक उच्चार एरेबोस असा आहे, आणि लॅटिन व इंग्रजी वळणाने त्याचे एरेबस झाले. इ. स. पू. ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअडने 'थिऑगनी' या आपल्या काव्यात देवांची वंशावळ सांगितली आहे. तिच्यात सर्वांत आधी खाओस, म्हणजे आ वासलेली पोकळी, अस्तित्वात येते. पुढे पृथ्वी, पाताळाच्याही तळाशी असलेला टार्टरस आणि प्रेमाचे तत्त्व असलेला इरॉस हे प्रकट होतात. मग खाओसपासून एरेबोस आणि काळी रात्र, म्हणजे निक्स, ही दोघे निर्माण होतात. या दोघांच्या मीलनातून जी अपत्ये जन्माला येतात त्यांची नावे एथर आणि हेमेरा, म्हणजे वरच्या आकाशातील निर्मळ तेज आणि दिवस, अशी आहेत.

माझा सारा मुद्दा या एका ओळीत सामावलेला आहे. हेसिअडच्या वंशावळीत काळोख हा उजेडाचा शत्रू नाही, तो दिवसाचा बाप आहे. त्याने कोणाचा घात केल्याची कथा तेथे नाही, किंबहुना त्याच्याविषयी कोणतीच कथा नाही. त्याला रूप नाही, शस्त्र नाही, संवाद नाही. ॲरिस्टोफेनीसच्या इ. स. पू. ४१४ मधील 'पक्षी' या नाटकात तर काळ्या पंखांची रात्र एरेबोसच्या कुशीत एक अंडे घालते आणि त्यातून सोनेरी पंखांचा इरॉस बाहेर पडतो. भीती, कपट, मत्सर, वार्धक्य, मृत्यू अशी अपत्ये एरेबोस आणि रात्रीच्या नावावर जमा झालेली आपल्याला रोमन लेखक सिसेरोच्या लेखनात दिसतात, म्हणजे हेसिअडनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी. अपशकुनाची छाया त्या नावावर नंतर पडलेली आहे, असे माझे मत आहे. जाणकारांनी यात भर घालावी आणि चुकत असेल तेथे अवश्य दुरुस्ती करावी.

व्युत्पन्न

धागा आवडला. या शब्दाचे आपल्याशी असलेले नाते मात्र सांगायचे राहिले आहे आणि ते फार जुने आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुलनात्मक भाषाशास्त्रात ग्रीक 'एरेबोस' आणि वैदिक संस्कृतातील 'रजस्' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वारस मानले जातात. पहिल्या दृष्टिक्षेपात हे खरे वाटत नाही, कारण एकीकडे 'ब' आहे आणि दुसरीकडे 'ज'. परंतु हाच बदल इतरत्रही आढळतो : ग्रीकमध्ये जीवनाला 'बिओस' म्हणतात, आपल्याकडे 'जीव' आहे. मूळ भाषेतील ओठ गोल करून उच्चारला जाणारा 'ग' ग्रीकमध्ये 'ब' झाला, आणि संस्कृतात विशिष्ट स्वरांपूर्वी त्याचा 'ज' झाला. सुरुवातीच्या 'ए'चेही तसेच आहे. ग्रीक 'एरुथ्रोस' म्हणजे तांबडा आणि आपला 'रुधिर' ही जोडी पाहिली की ग्रीकमध्ये र-च्या आधी एक स्वर उभा राहतो आणि संस्कृतात तो नसतो, हे लक्षात येते. दोन्ही शब्द सकारान्त आणि दोन्ही नपुंसकलिंगी आहेत, हा पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो.

'रजस्' म्हटले की आपल्याला आज धूळ किंवा सत्त्व-रज-तम यांतला रजोगुण आठवतो. ऋग्वेदात मात्र हा शब्द प्रामुख्याने अंतरिक्षासाठी, पृथ्वी आणि स्वर्ग यांच्यामधल्या अवकाशासाठी येतो. नासदीय सूक्तात 'नासीद्रजो नो व्योमा परो यत्' असे म्हटले आहे, म्हणजे तेव्हा हे अंतरिक्षही नव्हते आणि त्यापलीकडचे आकाशही नव्हते. आपल्यापैकी अनेकांनी घरच्या ग्रहशांतीत सूर्याचा म्हणून जो मंत्र ऐकला असेल तो असा आहे : 'आ कृष्णेन रजसा वर्तमानो निवेशयन्नमृतं मर्त्यं च । हिरण्ययेन सविता रथेना देवो याति भुवनानि पश्यन् ॥' सविता सोन्याच्या रथातून येतो आणि तो काळ्या रजसातून येतो. धागालेखिकेने हेसिअडमध्ये जे दाखवले आहे, त्याच्या अगदी जवळचे हे चित्र आहे.

एक सावधगिरीही नोंदवतो. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या आपल्या ग्रंथात, रजस् या शब्दाचे अर्थ देताना ज्योती, उदक, लोक असे अर्थ दिले आहेत. त्यात अंधार नाही. म्हणून ऋग्वेदात दिसेल त्या प्रत्येक ठिकाणी रजस् म्हणजे काळोख असे लावत सुटणे चुकीचे ठरेल. शब्द सख्खे असले तरी त्यांचे संसार वेगळे झालेले आहेत.

ओवीबद्ध

एक शंका आहे. मी लहानपणी वाचलेल्या ग्रीक कथांत एरेबस ही मृतांची जागा होती, मेल्यावर आत्मे जेथून जातात असा पाताळाचा भाग. मग तो व्यक्ती आहे की ठिकाण? आणि ज्याची कोणतीही कथा नाही, ज्याच्या पूजेचे वर्णन तुम्हीही दिलेले नाही, त्याला आपण 'काळोखाचा देव' म्हणावे का?

क्षितिजरेषा

आपली आठवण बरोबर आहे. होमरच्या काव्यांत एरेबोस हे ठिकाणच आहे. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस खड्डा खणून त्यात बळीचे रक्त सोडतो, तेव्हा एरेबोसमधून मृतांचे आत्मे वर जमा होतात. 'इलियड'मध्ये हेराक्लीसला मृतांचा राजा हेडीस याचा कुत्रा आणण्यासाठी एरेबोसमध्ये पाठवल्याचा उल्लेख आहे. हेसिअड त्याला वंशावळीत बसवतो, म्हणून तेथे तो जन्म घेतो आणि जन्म देतो. ग्रीकांना या दोन गोष्टींत विरोध वाटत नसावा, कारण त्यांची पृथ्वीही देवता आहे आणि पायाखालची जमीनही आहे.

'देव' या शब्दाबद्दलचा आपला आक्षेप मात्र मला विचारात पाडणारा आहे. त्यावर नंतर लिहिते.

दर्यावर्दी

मी बरीच वर्षे व्यापारी जहाजांवर काम केले आहे, म्हणून जहाजाविषयी लिहितो. मूळ आरोप जहाजापासूनच सुरू होतो आणि तेथेच तो तपासला पाहिजे.

'एरेबस' हे जहाज वेल्समधील पेम्ब्रोक येथील गोदीत बांधले गेले आणि १८२६ मध्ये पाण्यात उतरले. ते संशोधनासाठी बांधलेले नव्हते. तटबंदीच्या आत तोफगोळे उंचावरून टाकणाऱ्या मोठ्या उखळी तोफा वाहून नेणारे ते लढाऊ जहाज होते. अशा जहाजांना ब्रिटिश नौदलात ज्वालामुखींची किंवा भयाची नावे देण्याची रीतच होती : व्हेसूव्हियस, एटना, हेक्ला, फ्यूरी, टेरर. त्या रांगेत 'एरेबस' हे नाव वेगळे किंवा धाडसाचे मुळीच नव्हते. उखळी तोफेचा धक्का सोसण्यासाठी या जहाजांची बांधणी अतिशय दणकट असे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी पुढे बर्फातल्या मोहिमांना ती निवडली गेली.

अपशकुनाची गोष्ट सांगणारे लोक या जहाजाची पहिली मोठी मोहीम सांगत नाहीत, याचे मला वाईट वाटते. १८३९ ते १८४३ या काळात जेम्स क्लार्क रॉस याच्या नेतृत्वाखाली 'एरेबस' आणि फ्रान्सिस क्रोझियरच्या हाताखालील 'टेरर' ही दोन जहाजे अंटार्क्टिकाला जाऊन सुखरूप परत आली. जानेवारी १८४१ मध्ये त्यांनी बर्फाचा पट्टा ओलांडून आज रॉस समुद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाण्यात प्रवेश केला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्यांना बर्फाच्या प्रदेशात धूर आणि ज्वाळा ओकणारा पर्वत दिसला. रॉसने त्याला आपल्या जहाजाचे नाव दिले आणि शेजारच्या शांत पर्वताला टेररचे. म्हणजे पर्वताचे नाव थेट ग्रीक पुराणातून आलेले नाही, ते एका जहाजाच्या मार्गाने आलेले आहे. मार्च १८४२ मध्ये हिमनगांच्या गर्दीत ही दोन्ही जहाजे एकमेकांवर आदळली, डोलकाठ्या व दोरखंड एकमेकांत अडकले, आणि तरीही खलाशांनी ती सोडवून बाहेर काढली. ज्याने समुद्रात रात्रीची पाळी केली आहे त्याला हे कौशल्य काय प्रतीचे आहे ते कळेल.

याच 'एरेबस'वर जोसेफ डाल्टन हूकर नावाचा तरुण सहायक शल्यचिकित्सक होता. तो वनस्पती गोळा करीत असे. पुढे तो हिमालयात आला आणि १८७२ ते १८९७ या काळात ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध केला. सह्याद्रीतल्या कितीतरी झाडांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही 'हूक. एफ.' ही अक्षरे लागतात. ती या जहाजावर शिकलेल्या माणसाची आहेत.

आता दुसरी मोहीम. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन हीच दोन जहाजे घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकमध्ये जाणारा मार्ग शोधण्यास निघाले. जहाजांत रेल्वेची वाफेची इंजिने बसवली होती, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लोखंडी पत्रा ठोकला होता आणि तीन वर्षांचा शिधा भरला होता. त्यातला बराचसा डबाबंद होता. जुलैमध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी त्यांना बॅफिन उपसागरात पाहिले आणि त्यानंतर कोणत्याही युरोपीय माणसाने १२९ जणांपैकी एकालाही जिवंत पाहिले नाही. १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत एक कागद सापडला. त्यावर मे १८४७ मध्ये सर्व काही ठीक असल्याची नोंद होती, आणि त्याच कागदाच्या समासात एप्रिल १८४८ मध्ये दुसरी नोंद केलेली होती : सप्टेंबर १८४६ पासून जहाजे बर्फात अडकली होती, फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, चोवीस जण मरण पावले, आणि उरलेले १०५ जण जहाजे सोडून दक्षिणेकडे पायी निघत होते. पहिल्या नोंदीनंतर जेमतेम दोन आठवड्यांत फ्रँकलिन गेले होते. तो कागद मला शब्दशः पाठ आहे असे म्हटले तरी चालेल, इतक्या वेळा मी तो वाचला आहे.

क्षितिजरेषा

दर्यावर्दी, आपण हे इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मला एक गोष्ट विचारायची आहे. जहाज १८४८ मध्ये सोडले आणि २०१४ मध्ये सापडले. ते इतकी वर्षे कोठे आहे हे खरोखर कोणालाच ठाऊक नव्हते का?

दर्यावर्दी

ठाऊक होते, आणि या साऱ्या कथेत मला सर्वांत अधिक सलणारी गोष्ट तीच आहे. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इनुइट लोकांनी ते सांगितलेले होते. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने त्यांच्याकडून ऐकलेली हकीकत लंडनला कळवली : गोरी माणसे उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले. लंडनमध्ये ही गोष्ट अनेकांना इतकी असह्य झाली की त्यांनी सांगणाऱ्यांनाच खोटे ठरवले. पुढे हाडांवर सापडलेल्या सुऱ्यांच्या खुणांनी त्या हकिकतीला दुजोरा दिला.

जहाजाबद्दलही तेच. १८७९ मध्ये पुहतूरक नावाच्या वृद्ध इनुइटाने फ्रँकलिनच्या मोहिमेचा माग काढत आलेल्या फ्रेडरिक श्वाटकाला सांगितले होते की, दक्षिणेकडे एक मोठे जहाज आपल्या लोकांनी पाहिले, आपण त्यावर चढलो, आत एका मेलेल्या गोऱ्या माणसाचे शव होते आणि नंतर ते जहाज बुडाले. सप्टेंबर २०१४ मध्ये पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या पथकाला 'एरेबस' किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेला, साधारण अकरा मीटर खोलीवर सापडले. हे ठिकाण मौखिक परंपरेत सांगितलेल्या भागातच होते. लुई कामूकाक यांच्यासारख्या इनुइट इतिहासकाराने वडीलधाऱ्यांच्या आठवणी आयुष्यभर गोळा केल्या नसत्या, तर हा शोध आणखी लांबला असता. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, 'टेरर'ही सापडले, आणि तेही सॅमी कॉगविक या इनुइट माणसाने सांगितलेल्या आठवणीवरून.

मृत्यूच्या कारणांविषयी डब्यांच्या जोडकामातील शिसे, स्कर्व्ही, क्षयरोग, उपासमार अशी अनेक मते आहेत. शिशाचे मत एके काळी फार गाजले, आता त्यावर बराच आक्षेप घेतला जातो. ते काहीही असले तरी नावाकडे बोट दाखवण्याची मला गरज वाटत नाही.

दक्षिणवारा

मी ऑकलंडमध्ये राहते. आमच्याकडे 'एरेबस' एवढा एकच शब्द उच्चारला तर कोणाच्याही मनात जहाज येत नाही आणि ग्रीक पुराण तर नाहीच. २८ नोव्हेंबर १९७९ हा दिवस मनात येतो. त्या दिवशी एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान अंटार्क्टिकाचे दर्शन घडवणाऱ्या सहलीवर निघाले आणि एरेबस पर्वताच्या उतारावर आदळले. २३७ प्रवासी आणि २० कर्मचारी, असे सर्व २५७ जण मृत्युमुखी पडले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहकारी बाईंसमोर मी हा शब्द सहज, ज्वालामुखीविषयी बोलताना वापरला आणि त्या एकदम गप्प झाल्या. त्यांच्या ओळखीचे कोणी त्या विमानात होते. तेव्हापासून मी हा विषय जपून काढते.

या अपघाताचे कारण इथे नीट लिहिणे मला आवश्यक वाटते. विमानाच्या संगणकातील मार्गात एका ठिकाणाचे रेखांश चुकीचे भरले गेलेले होते, आणि त्या चुकीमुळे कित्येक महिने मार्ग पर्वताच्या पश्चिमेला, मॅकमर्डो साउंडच्या सपाट गोठलेल्या पाण्यावरून जात असे. वैमानिकांना माहिती देतानाही तोच मार्ग दाखवण्यात आला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री तो आकडा दुरुस्त करण्यात आला, त्यामुळे मार्ग थेट पर्वतावर आला, आणि हा बदल वैमानिकांना सांगितलाच गेला नाही. वर ढगांचे छत आणि खाली पांढरे बर्फ अशा स्थितीत प्रकाश सगळीकडून सारखा पसरतो, चढाव दिसतच नाही, समोर दूरवर सपाट मैदान असल्याचा भास होतो. काळोखाचे नाव असलेल्या पर्वतावर ती माणसे दुपारच्या लख्ख पांढऱ्या उजेडात गेली.

१९८० च्या पहिल्या अधिकृत अहवालाने वैमानिकांना दोष दिला. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर मॅहन यांच्या चौकशी आयोगाने त्यांना दोषमुक्त केले, मार्ग न कळवता बदलण्याला मुख्य कारण ठरवले आणि कंपनीच्या लोकांनी संगनमताने खोट्या साक्षी दिल्या असे अत्यंत कडक ताशेरे ओढले. १९८३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, संबंधितांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती या कारणावरून, संगनमताचा निष्कर्ष ग्राह्य धरला नाही. तो वाद इथे पुष्कळ वर्षे धुमसत राहिला. सरकारच्या वतीने पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी कुटुंबीयांची माफी मागितली ती २०१९ मध्ये, अपघाताला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी.

व्युत्पन्न

दक्षिणवारा यांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही. दोन्ही दुर्घटनांत एक साम्य दिसते ते नोंदवतो. जहाज कोठे बुडाले हे इनुइटांना ठाऊक होते आणि मार्ग बदलला हे कार्यालयातल्या माणसांना ठाऊक होते. ज्यांना कळायला हवे होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही किंवा त्यांनी ते ऐकले नाही. यात नावाचा काही हात नाही.

भूस्तर

पर्वतावरच थोडे लिहितो, कारण तो स्वतः फार विलक्षण आहे. उंची ३,७९४ मीटर, आणि सक्रिय ज्वालामुखींपैकी हा पृथ्वीवरचा सर्वांत दक्षिणेकडचा मानला जातो. त्याच्या मुखात कित्येक दशके उकळत असलेले लाव्हाचे तळे आहे. असे टिकून राहणारे तळे जगात मोजक्याच ठिकाणी आढळते. उतारांवर बोटाएवढे लांब स्फटिक सुटे पडलेले मिळतात, आणि गरम वाफा बर्फातून बाहेर पडताना गोठून बर्फाचेच मनोरे उभे राहतात. १९०८ च्या मार्चमध्ये शॅकलटनच्या मोहिमेतील एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि त्यांचे सोबती प्रथम शिखरावर पोहोचले. डेव्हिड तेव्हा पन्नाशीचे होते. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी या यानाने पाहिलेल्या एका विवरालाही एरेबस हेच नाव आहे, आणि ते जहाजावरूनच दिलेले आहे.

संत्राबाग

मी काटोलकडचा शेतकरी आहे. ग्रीक पुराण मला माहीत नाही, पण धाग्याच्या शीर्षकात पतंग आहे आणि त्यावर अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कृषी विद्यापीठाच्या शिबिरात आम्हाला सांगितले होते की, संत्र्यातील रस शोषणारा पतंग 'एरेबिडी' या कुळात येतो. हे नाव याच काळोखावरून आले का?

आंबिया बहाराची फळे पिकायला लागली की दिवस मावळल्यावर हे पतंग बागेत येतात. मागचे पंख नारिंगी असतात आणि त्यांवर काळे डाग असतात, पण बसल्यावर पुढचे पंख वाळक्या पानासारखे दिसतात, त्यामुळे दिवसा शेजारून गेलो तरी ओळखू येत नाही. याची सोंड इतकी कडक असते की ती सालीतून आरपार जाते. दुसऱ्या दिवशी फळावर सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते, मग त्याभोवती गोल डाग पडतो, फळ आतून सडते आणि गळते. फवारणी पतंगावर फारशी लागू पडत नाही, कारण तो फळाच्या आतला रस घेतो आणि उडून जातो. याची अळी संत्र्यावर वाढत नाही, ती गुळवेल आणि वासनवेल यांवर वाढते. म्हणून आम्ही बांधावरच्या वेली काढतो, गळलेली फळे रोज उचलून पुरतो आणि संध्याकाळी बागेत ओला काडीकचरा पेटवून धूर करतो. माझे वडील हातात बॅटरी घेऊन रात्री आठ ते अकरा फिरत आणि पतंग पकडून रॉकेलच्या पाण्यात टाकत. मीही तेच करतो. बांधावरची गुळवेल मात्र काढताना दरवर्षी हात अडखळतो, कारण घरात कोणाला ताप आला की आईला तीच लागते.

क्षितिजरेषा

संत्राबाग, होय, नाव तेथूनच आले आहे. 'एरेबस' ही मोठ्या, गडद रंगाच्या निशाचर पतंगांची एक प्रजाती आहे आणि तिच्या पंखांवर डोळ्यांसारख्या खुणा असतात. तिच्या नावावरून कुळाचे नाव पडले. काही वर्षांपूर्वी जनुकांच्या अभ्यासावरून पतंगांची जुनी विभागणी बदलण्यात आली आणि केसाळ अळ्यांचे गटही याच कुळात आले, त्यामुळे आता या कुळात वीस हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात. आपण ज्या पतंगाविषयी लिहिले आहे तो त्या कुळातला आहे, पण 'एरेबस' प्रजातीतला नाही. या धाग्यावर आलेल्या साऱ्या एरेबसांपैकी आपल्या अंगणापर्यंत पोहोचलेला तोच आहे. आपल्या वडिलांच्या रात्रीच्या फेऱ्यांविषयी आणखी वाचायला आवडेल.

ओवीबद्ध यांच्या शंकेवर विचार केला. मी धागा उघडला तेव्हा शीर्षकात 'काळोखाचा देव' असे शब्द होते. ज्याची कथा नाही आणि ज्याने स्वतःहून काही केल्याचे हेसिअड सांगत नाही, त्याला देव म्हटले की त्याच्यावर हेतू चिकटतो, आणि हेतू चिकटला की अपशकुनही चिकटतो. वाचकगटातील त्या सभासदांच्या बोलण्याचे मूळ कदाचित याच शब्दात असेल, आणि तो शब्द मीही वापरला होता. शीर्षक बदलून 'आदिम काळोख' असे केले आहे. दक्षिणवारा यांचा प्रतिसाद मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवू का? त्यांची परवानगी असेल तरच वाचेन.

दक्षिणवारा

अवश्य वाचा. त्या सहकारी बाईंविषयीचे वाक्य तेवढे वगळा.